ड्रम कोअर: तुमचा सर्वात आवडता शो कोणता? आणि तो तुमच्यापर्यंत कसा पोचला?

शिरीष_इंडी

इथल्या बऱ्याच जणांची मुलं हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत. काहींची त्याच्या पुढची पायरी म्हणून ड्रम कोअरच्या ऑडिशनला बसायला लागली आहेत. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, रायफली, सेबर म्हणजे तलवारी फिरवणारा कलर गार्ड, एवढ्यावर ड्रम कोअर उभं राहतं. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला आजही मैदानावर प्रवेश नाही. वय साधारण २२ झालं की बाहेर. जून ते ऑगस्ट रात्री बसने प्रवास, शाळेच्या जिमच्या फरशीवर झोप, दिवसभर उन्हात तालीम आणि संध्याकाळी दहा-बारा मिनिटांचा एक शो. तोच शो अख्खा उन्हाळा घासायचा. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउट अशांनी आपापल्या भागातल्या मुलांसाठी ही पथकं काढली. १९७१ मध्ये कोअरनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभी केली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली फायनल झाली आणि ती अनाहाइम किंग्जमेननी जिंकली. २००९ पासून फायनल आमच्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

आता मुद्द्यावर येतो. फायनलला स्टँडमध्ये बसलं की पिढ्यांचा वाद कानावर पडतोच. जुन्या चाहत्यांना इथे सरळ डायनोसॉर म्हणतात. त्यांचं म्हणणं, खरं ड्रम कोअर केव्हाच संपलं, आता मैदानावर नाटक चालतं. विशीतल्या मुलांना जुने शो म्हणजे सरळ रेषेत उभं राहून जोरात वाजवणं वाटतं. मधली पिढी दोघांवर चिडते.

माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा सत्तरच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका चर्चच्या कोअरमध्ये होते. त्यांच्या लेखी ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स या कोअरच्या 'डॅनी बॉय'च्या वर काही नाही. मध्यंतरात त्यांनी एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि जुन्या एलपीवरून उतरवून घेतलेलं ते गाणं लावलं. हॉर्नलाइन, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, चढत जाते तिथे प्रेक्षकांमधून कुणीतरी जोरात ओरडतं. आजोबांनी त्याच्या क्षणभर आधी बोट वर केलं, ओरडणं आलं, बोट खाली. त्या अनोळखी माणसाचं ओरडणं त्यांना संगीताइतकंच पाठ आहे! पण त्या शोची ड्रिल, म्हणजे मैदानावर चालत केलेल्या आकृत्या, कशी होती, विचारल्यावर त्यांना नीट सांगता येईना.

तेव्हापासून माझं एक मत बनत गेलंय. भांडण वयाचं कमी आणि ड्रम कोअर तुमच्या घरात कशातून आलं याचं जास्त आहे. रेकॉर्डवर आलं असेल तर तुम्ही सूर आणि आवाजाचे भक्त. तुमचे देव म्हणजे ब्लू डेव्हिल्सचं १९७६ चं 'चॅनल वन', मॅडिसन स्काउट्सचं १९८८ चं 'मालागेन्या'. व्हीएचएस आणि डीव्हीडीवर, प्रेस बॉक्सच्या उंचीवरच्या कॅमेऱ्यातून आलं असेल तर तुम्ही ड्रिलचे भक्त. मग तुम्हाला २००२ चे कॅव्हेलियर्स दाखवावेत. चौकोन वितळून वर्तुळ होतं, वर्तुळ फुटून तिरक्या रेषा होतात, आणि एकही पाऊल चुकत नाही. आणि फोनवर आलं असेल तर मुलांचे चेहरे, अंगाची हालचाल, वॉर्म-अपमधली ड्रमलाइन हेच तुमच्यासाठी ड्रम कोअर.

तुमचं काय? शो सांगा, वर्ष सांगा, आणि पहिल्यांदा कशावर पाहिला किंवा ऐकला तेही लिहा.

कॅम्प_रँडल

शिरीष, धागा वाचून फार बरं वाटलं. पण मी तुमच्या तिन्ही खान्यांत बसत नाही. मी मॅडिसनला एमएस करत होतो आणि १९८५, ८६, ८७ अशा सलग तीन फायनल आमच्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्प रँडल स्टेडियममध्ये झाल्या. हा प्रकार मला आधी ठाऊकच नव्हता. लॅबमधल्या मित्राने ओढून नेलं. माझा शो १९८७ च्या गारफील्ड कॅडेट्सचा 'अ‍ॅपलेचियन स्प्रिंग', प्रत्यक्ष पाहिलेला आणि ऐकलेला.

तेव्हा काय बदलत होतं ते सांगितल्याशिवाय पिढ्यांचा वाद कळणार नाही. १९८३ पर्यंत गुण टिकने कापले जायचे. परीक्षक मैदानात मुलांच्या मधून फिरायचे आणि दिसली चूक की टिक, प्रत्येक टिकला दशांश गुण गेला. अशा पद्धतीत कोण धोका पत्करणार? सोपं लिहा आणि स्वच्छ वाजवा, हाच शहाणपणा होता. १९८४ पासून ती पद्धत गेली. काय करायला घेतलं आणि ते किती साधलं, दोन्हींना गुण मिळू लागले. कॅडेट्सकडे जॉर्ज झिंगाली हे ड्रिल लिहिणारे होते. त्याआधी मैदानाची डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब असायची. यांनी ती चौकट मोडली. १९८३ च्या शोमध्येच त्याची चुणूक दिसली होती, आणि कॅडेट्स १९८३, ८४, ८५ सलग जिंकले. आज ज्यांना 'जुनं' म्हणतात ते लोक त्या काळातले बंडखोर होते. तेव्हाचे म्हातारे स्टँडमध्ये बसून झिंगालींच्या नावाने बोटं मोडत होते, ते मी ऐकलंय.

आवाजाबद्दल मात्र मी हटणार नाही. तेव्हाची पितळी वाद्यं, म्हणजे ब्युगल, जी सुरातली होती. १९७७ पर्यंत एकच पिस्टन व्हॉल्व्ह, मग दोन, १९९० मध्ये तीन. २००० पासून कुठल्याही सुरातली पितळी वाद्यं चालायला लागली आणि बहुतेकांनी जी ब्युगल टाकून दिले. सुरेलपणा वाढला हे मान्य. पण साठ-सत्तर जी ब्युगल एका रेषेत प्रेक्षकांकडे तोंड करून येतात तेव्हाचा तो खरखरीत, उघडा आवाज ज्याने स्टेडियममध्ये अंगावर घेतलाय, त्याला स्पीकरमधला आवाज पुरत नाही. याला स्मरणरंजन म्हणू नका, वाद्यच वेगळं होतं.

अनघा_प्लेनो

कॅम्प_रँडल, तुमचा आदर ठेवून स्पीकरच्या बाजूने बोलते, कारण या घरात लाकडी पट्ट्यांचा मरिंबा वाजतो.

माझी मुलगी फ्रंट एन्सेम्बलमध्ये, म्हणजे मैदानाच्या पुढे ठेवलेल्या तालवाद्यांत, आहे. जुने व्हिडिओ तिच्याबरोबर बसून पाहिले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिंपनी आणि झायलोफोनसुद्धा अंगावर अडकवून चालत वाजवायचे, मग ती वाद्यं मैदानाच्या पुढे जमिनीवर आली. पण माइक नव्हते. साठ-सत्तर हॉर्नच्या समोर मरिंबा ऐकू जावा म्हणून मुलं टणक मॅलेटने, म्हणजे वाजवायच्या काठ्यांनी, जीव खाऊन पट्ट्या बडवायची. २००४ मध्ये माइकला परवानगी मिळाली आणि मरिंबा पहिल्यांदा मरिंबासारखा वाजला. हलका हात, मऊ मॅलेट, चार मॅलेटचं गुंतागुंतीचं काम, सगळं वरच्या रांगेपर्यंत जाऊ लागलं. तुमच्या वेळच्या त्या मुलांनी काय सोसलं असेल! त्यांचं अर्धं वाजवणं कुणी ऐकलंच नाही.

२००९ मध्ये सिंथेसायझर आला, त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. काही कोअर ट्यूबाच्या खाली सिंथचा असा जाड थर लावतात की मुलांनी वाजवलेला खालचा सूर कुठला आणि यंत्राचा कुठला, कळत नाही. दर जुलैत आम्ही सॅन अँटोनियोच्या अलामोडोमला जातो. तिथे छताखाली तो गडगडाट घुमतो आणि पोरांची मेहनत त्यात बुडते. याचा मला राग येतो.

पण याच यंत्राने 'टिल्ट'ही दिलं. ब्लूकोट्स, २०१४. माझा आणि लेकीचा दोघींचा आवडता शो. अख्खी हॉर्नलाइन आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र सूर वाकवत जातात, मैदानच कलंडल्यासारखं वाटतं. नुसत्या ब्युगलवर हे कधी शक्य नव्हतं. त्या वर्षी ब्लू डेव्हिल्स ९९.६५ गुणांनी जिंकले, डीसीआयच्या इतिहासातले सर्वात जास्त गुण. 'टिल्ट' दुसरा. तरी २०१४ म्हटलं की आमच्या बँडच्या पालकांमध्ये कोणता शो निघतो? 'टिल्ट'च.

ताशेवाला_पुणे

मी पुण्यात असतो, पथकात ताशा वाजवतो. अमेरिकेत कधी आलो नाही. यूट्यूबवर एका रात्री स्नेअर लाइनचा, म्हणजे स्नेअर ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेचा, व्हिडिओ समोर आला आणि तेव्हापासून सुटलो नाही. शिरीषदादांचा फोनवाला खाना म्हणजे मीच. पूर्ण शो अजून एकही पाहिलेला नाही. माझ्यासाठी ड्रम कोअर म्हणजे पार्किंग लॉटमधला वॉर्म-अप, मेट्रोनोमची टकटक आणि डांबरावर एका वेळी पडणारे पाय.

मला सर्वात वेड लावलं ते बेस ड्रमनी. आमच्याकडे साठ ढोल असतील तर साठही एकच ठेका धरतात, ताशा त्यावर खेळतो. इथे पाच बेस ड्रम, पाच आकाराचे, आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली. एकेकाच्या वाट्याला एक-दोन ठोके. झपाट्याने वरून खाली ओघळत येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस वाजवतोय. एकाचा ठोका केसभर इकडे-तिकडे झाला तर अख्खी ओळ लंगडते. हे कसं बसवतात कुणी सांगेल का? आणि पहिला पूर्ण शो कुठला बघू?

निनाद_टेनर

ताशेवाला दादा, बसवायची पद्धत म्हणजे फक्त कंटाळा न येणं. आधी सगळे पूर्ण ओळ एकत्र वाजवतात, म्हणजे प्रत्येकाच्या हातात सगळे ठोके बसतात. मग आपापला ठोका ठेवून बाकीचे मनात वाजवायचे. अगदी हळू लयीत सुरू करून मेट्रोनोम एक-एक खाच वर. आपला ठोका वाजवण्यापेक्षा शेजाऱ्याच्या ठोक्याची जागा ऐकायला जास्त शिकवतात.

मी टेनर ड्रम वाजवले, आता वयाची मर्यादा संपून एज-आउट झालोय. शिरीषकाका, तुमचं म्हणणं पटतं, पण एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या बसमध्ये रात्री सर्वात जास्त पाहिला गेलेला शो आमच्या कुणाच्याही जन्माच्या आधीचा होता. स्टार ऑफ इंडियाना, १९९३, 'मेडिया'.

स्टार हे ब्लूमिंग्टनचं कोअर. १९८५ मध्ये मैदानात आलं आणि १९९१ मध्ये रेस्पिगीच्या संगीतावर विजेतं ठरलं. दोन वर्षांनी त्यांनी बार्बर आणि बार्टोक यांचं संगीत घेतलं. मधे टाळ्या घेण्याजोगी जागा जवळजवळ नाहीच. जड, टोकदार संगीत, सूड आणि वेडाचा विषय. ड्रिल अशी की माणसं माणसं न राहता कोन आणि पाती वाटतात. आणि त्या काळात हॉर्न वाजवणाऱ्या मुलांना अंगाने इतकं काम करायला लावलं होतं. प्रेक्षकांना झेपलं नाही. फायनलला कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. दशांशाने गेलं. त्या हंगामानंतर स्टारनी डीसीआय सोडलं, ब्रास थिएटर सुरू केलं, त्यातून पुढे 'ब्लास्ट!' झालं, ब्रॉडवेला गेलं आणि २००१ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला.

माझ्या वयाच्या मुलांना 'मेडिया' दाखवा, त्यांना त्यात काही विचित्र दिसतच नाही. आज सगळे जे करतात तेच, फक्त माइक आणि प्रॉप्सशिवाय. आम्हाला त्याचं कौतुक जास्त वाटतं, कारण अंगाचं काम करताना फुप्फुसं कशी भरतात ते आम्हाला माहीत आहे. पळत येऊन गुडघ्यावर बसायचं, धड मागे टाकायचं आणि लगेच हळू, लांब सूर लावायचा. जुने काका म्हणतात हल्ली मुलं नाचतात, वाजवत नाहीत. काका, आम्ही ते दोन्ही एका श्वासात करतो.

दुसरं म्हणजे फोनमुळे फक्त तुकडे बघायची सवय लागली असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. फोनमुळे आम्हाला तोच शो जूनमध्ये कसा होता, जुलैत काय कापलं, शेवट कधी बदलला, सगळं दिसतं. एलपीवाल्यांना फायनलची एक रात्र मिळाली आणि ती गोठली. आमच्या पिढीला आख्खा उन्हाळा आवडतो. माझा आवडता शो ब्लूकोट्सचा २०१६ चा 'डाउन साइड अप', त्यांचं पहिलं विजेतेपद. टोप्या नाहीत, छातीवर पट्टे नाहीत, मैदानभर उतार आणि घसरगुंड्या. तो मी सुरुवातीपासून आठवड्या-आठवड्याने वाढताना पाहिला. नुसता फायनलचा व्हिडिओ पाहणाऱ्याला तो तेवढा कळणार नाही असं मला मनापासून वाटतं.

कॅम्प_रँडल

निनाद, फार छान लिहिलंस. 'मेडिया' मला त्या वर्षी अजिबात आवडला नव्हता आणि आजही मी तो प्रेमाने बघू शकत नाही. आदराने बघतो. टाळ्या वाजवाव्यात अशी एक जागा प्रेक्षकाला द्यायलाच हवी, हे माझं मत कायम आहे. उन्हातान्हात लोक तिकीट काढून येतात.

पण जुने चाहते नेमकं कशासाठी हळहळतात, तेही समजून घे. डीसीआय सुरू झालं तेव्हा देशभर शेकड्यांनी कोअर होती. लान्सर्स रिव्हियरचे, ब्रिजमेन न्यू जर्सीतल्या बेयॉनचे. आजूबाजूचीच पोरं, पालक बस चालवणार, चर्चच्या तळघरात गणवेश शिवले जाणार. शिरीषच्या शेजारच्या आजोबांना 'डॅनी बॉय'मध्ये एक सूर ऐकू येतो आणि त्याबरोबर अख्खी वस्ती ऐकू येते. ते कोअर आता नाही. आज वर्ल्ड क्लासमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या गटात, जेमतेम दोन डझन पथकं उरलीत, एका उन्हाळ्याची फी हजारो डॉलर, आणि कॅलिफोर्नियाच्या पथकात टेक्सासची मुलं. दर्जा अफाट वाढला. पण आपल्या गावाचं पथक म्हणून घसा ताणून ओरडायचं कुणासाठी? १९३४ पासूनचे कॅडेट्स, दहा वेळचे विजेते, २०२४ मध्ये बंद झाले. ती बातमी वाचून मी दिवसभर कामाला हात लावू शकलो नाही.

अनघा_प्लेनो

कॅडेट्सचं वाईट मलाही वाटलं. पण ते बंद का झाले तेही इथे लिहायला हवं. लैंगिक छळाच्या जुन्या आरोपांवरून खटला उभा राहिला आणि तो बोजा त्यांना पेलला नाही. जुना काळ सांगताना त्यातल्या मुलांवर कोण लक्ष ठेवत होतं, हा प्रश्न आई म्हणून माझ्या मनात पहिला येतो. आज ऑडिशनला मुलगी पाठवताना मी पथकाचे नियम, रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं विचारते आणि उत्तरं मिळतात.

आणि तुमच्या लाडक्या मॅडिसन स्काउट्समध्ये तेव्हा मुलींना जागाच नव्हती. सर्वांना प्रवेश द्यायचा निर्णय त्यांनी २०१९ मध्ये घेतला. 'मालागेन्या' ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, पण लेक शेजारी असली की हेही आठवतं.

फीबद्दल मात्र शंभर टक्के अनुमोदन. बँडमधली दोन अतिशय गुणी मुलं केवळ पैशासाठी ऑडिशनलाच गेली नाहीत.

शिरीष_इंडी

अनघा, कॅम्प_रँडल, दोघांचंही पटलं. निनादच्या 'मेडिया'मुळे माझ्या मताला एक पुस्ती जोडतो. मुलं जुने शो स्वतः शोधत नाहीत, शिकवणारे त्यांच्या हातात देतात. आणि शिकवणारे तेच देतात जे आजच्या कामाशी जुळतं. म्हणून १९९३ चं स्टार बसमध्ये पोचलं आणि १९८० चे लान्सर्स पोचले नाहीत. या यादीतून जे गळलं ते वाईट होतं असं नाही. निनाद, पुढे तू कुठे शिकवायला लागलास तर एकदा मुलांना डोळे मिटून 'डॅनी बॉय' ऐकव. व्हिडिओ नको, नुसता आवाज.

ताशेवाला, तुम्ही आधी सांता क्लारा व्हॅनगार्डचा २०१८ चा 'बॅबिलोन' बघा. त्या वर्षीचे विजेते आणि ड्रमलाइन तर ऐकतच राहावी अशी. मग फँटम रेजिमेंटचा २००८ चा 'स्पार्टाकस'. तो ब्लूमिंग्टनला झाला, कारण लुकास ऑइल तेव्हा तयार झालं नव्हतं. फँटम ९८.१२५, ब्लू डेव्हिल्स ९८.१००. 'मी स्पार्टाकस' म्हणून एकेक मुलगा ओरडतो तिथे प्रेक्षक काय करतात ते ऐका. जुने-नवे सगळे या एका शोवर एक होतात, निदान माझ्या आसपासच्या रांगांत तरी. पितळी वाद्यांसाठी कॅरोलायना क्राउन, २०१३. 'मेडिया' सर्वात शेवटी, आणि पूर्ण, मधे न थांबवता.

ताशेवाला_पुणे

यादी उतरवून घेतली. रविवारी सरावानंतर पथकातल्या चौघांना घेऊन 'बॅबिलोन' मोठ्या पडद्यावर लावतोय. आमच्यातले एक दादा तीसेक वर्षं वाजवताहेत, त्यांना काय वाटतं ते इथे लिहीन. शिरीषदादा, कधी प्रत्यक्ष यायचं ठरलंच तर फायनलला बसायचं कुठे?

शिरीष_इंडी

आवर्जून या. फायनल पन्नास यार्डाच्या रेषेजवळ, वरच्या मजल्यावरून बघा, ड्रिल तिथूनच उलगडते. खाली पुढच्या रांगांत चेहरे दिसतात पण आकृत्या कळत नाहीत, आणि छत बंद असलं की आवाज मागून परत येऊन आदळतो. आदल्या दोन दिवसांच्या फेऱ्यांना तिकीट स्वस्त असतं, तेव्हा खाली बसून घ्या. आणि दुपारपासून लॉटमध्ये जा. तिथे स्नेअर लाइनपासून हाताच्या अंतरावर उभं राहता येतं, तिकीट लागत नाही. राहायला आमचं घर आहे.